दडे बसलेल्या कानाचं गाऱ्हाणं

मला सर्दी झाली आहे हे मी घरात कोणाला कळू दिलं नव्हतं, असं मला वाटत होतं. माणूस वाक्यागणिक शिंकत असतो, नाक पिकल्या रातांब्यासारखं लाल झालेलं असतं, 'मला' म्हणायला जावं तर 'बला' बाहेर पडतं, आणि तरी त्याची समजूत अशी की जगाला पत्ता नाही. बायकोने पहिल्याच दिवशी माझ्या चहात दुप्पट आलं घातलं आणि ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. आमचा बराचसा संसार असाच झाला आहे.

सर्दी लपवायला कारण होतं. येत्या रविवारी आमच्या घराण्याची राखण होती.

भात घरात आलं आणि आंबा मोहोराच्या बेताला आला, की आमच्याकडे जागेच्या राखणदाराला वर्षाचा मान देतात. आमचा राखणदार म्हणजे माडांच्या बागेच्या वरच्या अंगाला, एका जुन्या आंब्याच्या बुडाशी असलेला पाषाण. त्याला ना डोळे ना तोंड, पण त्याच्यापुढे खोटं बोलायची आमच्यात कोणाची छाती नाही. तिथे विडा, नारळ, कोंबडा ठेवायचा, सगळ्या भावबंदांनी हात जोडून उभं राहायचं, आणि घराण्यातल्या सगळ्यात वडील पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे देवाला मोठ्याने, सगळ्यांच्या देखत सांगायचं की आम्ही हे केलं आहे, हे करणार आहोत, सांभाळून घे. प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." ते काही नुसतं तोंडदेखलं नसतं. ज्या गोष्टीला तुम्ही तिथे 'व्हय' म्हटलंत, तिला घरी येऊन 'नाय' म्हणता येत नाही. कोर्टात फिरलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. राखणदारासमोर फिरलेला अजून पाहिला नाही.

घराण्यातला सगळ्यात वडील पुरुष सध्या मी आहे. हे पद मला कर्तबगारीने मिळालेलं नाही. बाकीचे वर गेले, म्हणून मिळालं. माझ्यामागून नंबर लागतो माझ्या चुलतभावाचा. तो माझ्याहून काही महिन्यांनीच धाकटा आहे आणि हे काही महिने त्याला जन्मभर बोचत आले आहेत. बाजारात त्याचं किराणा मालाचं दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसून तो सगळ्या गावाच्या प्रकृतीवर नजर ठेवून असतो. मी जरा खोकलो की त्याच्या डोळ्यांत आशा चमकते. वडील पुरुष आजारी असला तर गाऱ्हाणं पुढच्याने घालायचं, असा रिवाज आहे.

आणि यंदा गाऱ्हाणं त्याच्या हातात जाऊन चालणार नव्हतं.

माझा धाकटा भाऊ वारला त्याला आता काही वर्षं झाली. त्याची मुलगी पुण्याला नोकरी करत होती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आईला सोबत म्हणून आली ती इथेच रमली. कोकमाचं आगळ काढायचं, फणसपोळ्या घालायच्या, असं तिच्या डोक्यात आलं. एक मे महिना घराच्या पडवीत तिने ते करूनही पाहिलं आणि केलेलं सगळं खपलं. आता तिला एक शेड घालायची होती. बागेच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे माड मेलेले आहेत आणि नुसतं रान माजलंय. पण बाग सामायिक. सातबारावर इतकी नावं आहेत की त्यांची एक गाडी भरून तळेऱ्याला पाठवता येईल. बाकीच्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती चुलतभावाची, आणि तीही सरळ नव्हे. तिने विचारलं की तो म्हणायचा, "बघूया." आमच्याकडे 'बघूया'चा अर्थ लहान पोरालाही कळतो. एकदा मात्र तो मोकळं बोलला. "चेडवा, जागो सामायिक. उद्या तुझा लगीन झाला की थंय तुझो घो येऊन बसतलो. मगे आमी त्येका उठवचो कसो?"

पुण्याच्या कचेरीने तिची रजा वाढवत वाढवत आता शेवटचं विचारलं होतं. कोपरा मिळाला तर ती राहणार होती. नाही मिळाला तर आईला घेऊन पुण्याला जाणार होती, म्हणजे भावाच्या घराला कुलूप. हे ती मला रडून वगैरे सांगत नव्हती. आमच्या पायरीवर बसून चिंचोके फोडत सांगत होती. मग म्हणाली, "काकानू, तुमी राखणेक माझा नाव घेशात मां?"

मी म्हटलं, "असा घेतंय, की वेंगुर्ल्यापर्यंत ऐकूक येतला."

ही माझी बढाई अगदीच पोकळ नव्हती. मी बसस्थानकावर कंट्रोलर होतो. कुडाळमार्गे सावंतवाडीला जाणारी, शिरोड्याला वस्तीला जाणारी, अशा गाड्या मी माझ्या आयुष्याची उमेदीची वर्षं पुकारल्या. भोंगा बंद पडला तरी माझं काम अडायचं नाही. असा आवाज असलेल्या माणसाने गाऱ्हाण्यात एकदा तिचं नाव घेतलं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, की चुलतभावाचं तोंड बंद. त्या घोळक्यात उभं राहून एकट्याने गप्प बसणं त्याला जमलं नसतं, असा माझा हिशेब.

गुरुवारी माझा उजवा कान दुखायला लागला.

आधी दोन्ही कानांत नुसते दडे बसले. फोंडाघाट उतरताना बसतात तसे. मला वाटलं, गिळलं की सुटतील. मी दिवसभर गिळत राहिलो. बायकोने विचारलं, घशात काही अडकलंय का. मग मी नाक दाबून, तोंड मिटून, आतून जोर लावला. हा उपाय मला विमानातून आलेल्या एका भाच्याने शिकवला होता. सर्दीत तो करू नये, एवढंच सांगायचं तो विसरला. कानात काहीतरी 'टुक्' वाजलं आणि त्यानंतर कान दुखणं हा काय प्रकार असतो, ते मला कळलं.

दात दुखला तर माणूस गालाला हात लावून बसतो. पोट दुखलं तर मुरगळून पडतो. कान दुखला तर काय करायचं, हे देवाने ठरवलेलंच नाही. आडवं झालं की तो ठणकतो. बसलं की सणसणतो. उभं राहिलं की बरं वाटेल म्हणून उठावं, तर तो आपल्यासोबत उठतो. शुक्रवारभर मी घरात फिरत होतो. पडवीतून माजघरात, माजघरातून मागीलदारी, तिथून विहिरीपर्यंत, विहिरीत डोकावून परत. आमचा कुत्रा सकाळी माझ्यामागून फिरला, दुपारी त्याने नाद सोडला. आणखी एक गंमत व्हायची. माझं बोलणं मला टाकीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमून ऐकू यायचं. पोहे खाल्ले तर डोक्यात कोणी खडीवरून चालतंय असं वाटायचं. बाहेरचं जग मात्र गोधडीत गुंडाळून लांब ठेवल्यासारखं.

"दुखता मां कान?" बायकोने शेवटी विचारलं.

"नाय."

"मगे हात कित्याक लावलात?"

आमच्या गावात कान दुखण्याची बातमी लपत नाही, पण मी तिच्याकडून शपथ घेतली. तिने शपथ घेतली आणि खोबरेल तेलात लसूण कढवून आणला. ते कोमट तेल कानात पडलं तेव्हा घटकाभर स्वर्ग दिसला. मग ते आत थंड झालं आणि कानात कोणीतरी मेलेला बेडूक ठेवल्यासारखं वाटू लागलं. शेजारणीने ओव्याची पुरचुंडी पाठवली. म्हणजे शपथ शेजारपर्यंत जाऊन आली होती. तिच्या सासूने तर वाडीतल्या एका बाळंतिणीचं नाव सुचवलं, की तिच्याकडून दुधाचे चार थेंब मागून आणा. मी म्हटलं, ह्या वयात मी कुठल्या तोंडाने मागायला जाऊ, कान तर माझा आहेच, पण अब्रूही माझीच आहे.

"डाक्टराकडे जावा," बायको म्हणाली.

आता आमच्या बाजारात दवाखाना एकच, आणि तो चुलतभावाच्या दुकानाच्या बरोबर समोर. तिथल्या बाकावर मी बसलो असतो, तर माझा नंबर लागायच्या आधी त्याने राखणेसाठी धोतर धुवायला टाकलं असतं. म्हणून शनिवारी सकाळी मी कुडाळला जायचं ठरवलं. मफलर गुंडाळला, वर टोपी घातली, आणि बसस्थानकाच्या मागच्या बाजूने शिरलो. माझ्यासारखा शहाणा मीच. ज्या बसस्थानकावर मी जन्म काढला, तिथे मी वेषांतर करून गेलो. चहावाल्यापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी हाक मारली. "साहेब, तोंडाक काय झाला?" कोणीतरी विचारलं असावं, कारण मला फक्त ओठ दिसले. कुठे निघालात, असंही असेल. मी पटकन काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, "पिंगुळीक जातंय. बाहुल्यो बघूक."

पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणारी मंडळी आहेत आणि त्यातले एक माझे जुने स्नेही. हे कारण इतकं सोयीचं होतं, की ऐकणाऱ्याने लगेच माझा हात धरून मला एका गाडीत बसवलं. गाडी नेमकी पिंगुळीला चाललेली. नको म्हणायला तोंड उघडावं, तर कानात कळ. गाडीवाल्याने मला थेट माझ्या स्नेह्याच्या अंगणात उतरवलं, स्वतः चहा प्यायला बसला, आणि परत सोडतो म्हणून थांबला. स्नेह्याला मी बाहुल्या बघायला आलो याचा एवढा आनंद झाला, की त्याने पेटारा उघडून एकेक बाहुली माझ्यासमोर नाचवली. राक्षस नाचला, राजा नाचला. माझ्या एका कानात काहीच ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यात राक्षस नाचत होता. मी मान डोलवत होतो. डोलवली की ठणकायची, थांबवली की स्नेह्याचं तोंड उतरायचं. कुडाळचा दवाखाना तिथून कोसभरावर होता. मी तो न बघताच जेवायला घरी आलो.

रविवार उजाडला. थंडी होती, माडांच्या झावळ्यांवरून दव टपटपत होतं. मुंबईहून दोघे-तिघे चाकरमानी आले होते, ते शाली पांघरून उभे होते. भावबंद पाषाणासमोर, बायका रिवाजाप्रमाणे बुटक्या दगडी गडग्यापलीकडे. पुतणी तिच्या आईशेजारी उभी होती. चुलतभाऊ माझ्या उजव्या हाताला, खेटून. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बरा नाय काय रे?" असं त्याने विचारल्याचं मला त्याच्या ओठांवरून कळलं. मी हसलो. ते हसू कसं दिसलं असेल, याची मला अजून काळजी वाटते.

गाऱ्हाणं डोळे मिटून घालायचं असतं. मी डोळे मिटले, हात जोडले, आणि सुरुवात केली.

"बा देवा राखणदारा म्हाराजा. ह्या जाग्याच्या चारय दिशांच्या धन्या. आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे येवन हुबी रवली आसत, त्यांची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा."

माझा आवाज माझ्या डोक्यात असा दणाणला, की मला वाटलं, आता पाषाण हलेल. दुसऱ्या वाक्याला मी आवाज उतरवला. तिसऱ्याला आणखी उतरवला. मला वाटत होतं, मी अजूनही गरजतोच आहे. नंतर लोकांनी सांगितलं, की देवाला कानगोष्ट सांगावी तसा मी पुटपुटत होतो आणि मागचे लोक पुढे सरकत सरकत जवळजवळ माझ्या पाठीवर आले होते. मधूनमधून मला लांबवर काहीतरी गुणगुण जाणवायची, तो 'व्हय म्हाराजा' असणार, असं धरून मी पुढे जात होतो. गुराढोरांचं झालं, लेकराबाळांचं झालं, आंब्याच्या मोहोराचं झालं. मग तिचं आलं.

"आमच्या घराण्यातल्या चेडवान खालच्या कोपऱ्यात कोकमाचो कारखानो घालूचा मनात आणलेला आसा. तेका सगळ्या भावबंदांची मान्यता आसा. तिका यश दी रे म्हाराजा."

आणि थांबलो.

काही नाही. गुणगुणसुद्धा नाही.

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती मी त्या दिवशी मिटल्या डोळ्यांनी पाहिली. मला वाटलं, सगळेच गप्प बसले. एकटा चुलतभाऊ नव्हे, सगळे. त्याने आदल्या दिवशी, मी बाहुल्या बघत होतो तेव्हा, घरोघरी जाऊन सगळ्यांना फिरवलं असणार. डोळे उघडावे, तर गाऱ्हाणं मोडतं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. पुन्हा शांतता. कान आता असा ठणकत होता, की काळजाच्या ठोक्यांशिवाय मला त्यात काही ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्यांदा मी बसस्थानक डोक्यात आणलं. भोंगा बंद आहे, शिरोड्याची गाडी सुटते आहे, आणि म्हातारी माणसं लांबून धावत येताहेत, अशा वेळी लावायचा तो आवाज लावला. उत्तर नाही. मग मला वाटलं, मी मोघम बोलतोय, म्हणून लोक अडलेत. नीट समजावून सांगायला हवं. मी देवाला समजावू लागलो. की कोपरा म्हणजे मेलेल्या माडांपासून गडग्यापर्यंतचा. शांतता. की त्या कोपऱ्यात जायला टेम्पो जाईल इतकी वाट लागेल आणि ती भावबंदांनी मोकळी सोडलेली आहे. शांतता. की कारखान्याला पाणी लागेल, ते सामायिक विहिरीतून घ्यायला कोणाची ना नाही. की लाइटीचा खांब चुलतभावाच्या काजूशेजारून जाईल, आणि त्यालाही त्याची मान्यता आहे. यातलं निम्मं पुतणीने मला सांगितलेलंच नव्हतं. ते तिथल्या तिथे सुचत होतं. एकेक कलम घालायचं, 'रे म्हाराजा' म्हणून थांबायचं, काही ऐकू येत नाही असं पाहून पुढचं कलम घालायचं. मला एकदा वाटलं, आता सोडून द्यावं आणि पुतणीला स्टॅण्डवर पोचवायला जावं. पण तोंड बंद केलं असतं तर त्या शांततेवर शिक्कामोर्तब झालं असतं. म्हणून मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हा कोणीतरी माझा खांदा धरला. उजव्या कानाला ऊन श्वास लागला. आणि चुलतभाऊ, तोंड माझ्या कानात जवळजवळ घालून, बोंबलला.

"व्हय म्हाराजा! व्हय, व्हय, व्हय! कितीदा म्हणाचा रे, मेल्या?"

ते मला ऐकू आलं. आणि त्याच क्षणी कानात काहीतरी फाटकन सुटलं. मानेवरून ऊन ऊन ओघळलं आणि चार दिवसांची कळ, कोणी दिवा मालवावा तशी, गेली. मी डोळे उघडले. मला इतकं बरं वाटलं, की मी चुलतभावाला मिठी मारली. तो माझ्या खांद्याकडे बघत होता. शर्टावर पू आणि रक्त.

"माझ्यान फुटलो," तो म्हणाला. पांढरा पडला होता.

कोंबड्याचं पुढचं सगळं दुसऱ्यांनी उरकलं. चुलतभावाने मला स्वतःच्या स्कूटरवर घातलं आणि त्याच त्या दवाखान्यात नेलं. रविवार होता, पण डॉक्टरीणबाई वरच राहतात, त्या खाली आल्या. तरुण आहेत, बाहेरगावच्या आहेत, आणि रागावतात. त्यांनी कानात बत्ती घालून पाहिलं. मग समजावलं, की नाक आणि कान आतून जोडलेले असतात, सर्दी आत शिरली आणि पडद्यामागे पू साठला. जोराने नाक शिंकरलंत का? शिंकरलं. आतून जोर लावलात का? लावला. तेल घातलंत का? मी गप्प बसलो, पण कानातून तेलाचा वास येतच होता.

चुलतभाऊ मागे उभा होता. दुकानात गिऱ्हाइकावर डाफरणारा माणूस, तिथे मात्र शुद्ध मराठीत, हळूच म्हणाला, "बाई, मी त्याच्या कानात ओरडलो होतो. त्यामुळे फुटला का?"

मी बाईंकडे डोळ्यांनी खूण करायचा प्रयत्न केला. मनात पापच होतं. हा अपराधी वाटून घेऊन चार महिने तरी गप्प बसला असता, तेवढ्यात शेड उभी राहिली असती. पण बाईंना खुणा कळत नाहीत.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ओरडल्याने नाही, आतल्या दाबाने फुटला. आज ना उद्या फुटणारच होता. भरून येईल. कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, गोळ्या पूर्ण घ्यायच्या, आणि पुन्हा तपासायला यायचं."

चुलतभावाच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं मी बघितलं आणि ते सगळं माझ्यावर आलं. आता हा मोकळा झाला. आता म्हणेल, ते 'व्हय' मी कावून म्हटलं होतं, ते काही धरायचं नाही. परतीच्या वाटेवर तो स्कूटर चालवत सारखा बोलत होता. तोंड पुढे, वारा मागे, माझ्या एका कानात कापूस आणि दुसऱ्यात उरलेले दडे. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तो मधूनच मान किंचित वळवायचा, म्हणजे काहीतरी विचारत असावा. वाद नको म्हणून मी त्याच्या पाठीवर थोपटून प्रत्येक वेळी "व्हय, व्हय" म्हणत राहिलो. घरी उतरवताना तो हसत होता. ते मला मुळीच आवडलं नाही.

दुपारी वडे-सागोती खाऊन सगळे पांगले. मला गोळीने गुंगी येत होती, पण चैन पडत नव्हतं. मी पडवीत फेऱ्या मारत होतो. कान दुखत नव्हता, तरी पायांना सवय लागली होती. पुतणी आली आणि पायरीवर बसली. माझ्या डाव्या बाजूला, जिथे मला थोडंफार ऐकू येत होतं.

ती म्हणाली, काकानू, वाडीत तुमच्या हुशारीची वाहवा चालली आहे. चुलतकाका सगळ्यांना सांगताहेत, की तुम्ही त्यांना मुद्दाम घोळात घेतलंत, एकेक कलम वाढवत नेलंत, आणि थकवून त्यांच्याकडून 'व्हय' काढलंत. आणि म्हणताहेत, की तरी काही बिघडलं नाही, कारण पुढच्या वर्षापासून गाऱ्हाणं तुम्ही त्यांना दिलंत.

"मी? कधी?"

"स्कूटरीर. ते इचारत होते, तुमी व्हय व्हय म्हणत होतात."

मी कपाळावर हात मारून घेणार होतो, पण कानाला हिसका बसेल म्हणून आवरलं. मग मी तिला विचारलं ते, जे सकाळपासून विचारायचं होतं. लोक गप्प का बसले होते?

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "गप्प कोण बसलो? पैल्याच्या टायमाक तुमी काय बोललात ताच कोणाक ऐकूक इला नाय. मगे दुसऱ्यापासून सगळे दर टायमाक म्हणत होते. मुंबैवाले तर वरडान म्हणत होते. चुलतकाका तेवडे गप. मी त्येंच्या तोंडाकडेच बघत होतंय. तुमका कायच ऐकूक येय नाय होता?"

"नाय."

"म्हणजे तुमका वाटला, कोणच व्हय म्हणूक नाय?"

"होय."

"आणि तरी तुमी सांगत रवलात?"

मी म्हटलं, अगो, जन्मभर मी गाड्या पुकारल्या. भोंग्यातून कोणी उलट उत्तर दिलं आहे का कधी? ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. तिने माझ्या मानेवरचा सुटलेला मफलर कानावरून नीट गुंडाळला. लहान मुलाला गुंडाळावा तसा, जरा घट्टच.

खालून बागेतून चुलतभावाची हाक आली असावी, कारण ती उठली. मी पडवीच्या कठड्याशी गेलो. तो मेलेल्या माडांपाशी मोजायची टेप घेऊन उभा होता. तिने दुसरं टोक धरलं. तो आपल्याकडे ओढत होता, ती आपल्याकडे. दोघांचेही हात वर खाली होत होते, तोंडं चालली होती. काय भांडताहेत, ते मला कळत नव्हतं. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, तो म्हणतो खांब काजूपासून लांब घाला, ती म्हणते राखणदारापुढे काजूशेजारून ठरलंय. मग पुतणीने एका हाताने टेप धरून दुसऱ्या हाताने फोन काढला आणि कानाला लावला. बराच वेळ ती बोलत होती. टेपचं टोक तिने सोडलं नव्हतं.

"कोणाक फोन?" मी विचारलं.

"पुण्याक," बायको म्हणाली. "येवचंय नाय म्हणान सांगता."